आधी वाट मोकळी, मग खडा

मूत्रवाहिनीच्या आत दुर्बीण पहिल्यांदा गेली ती 1912 मध्ये, आणि ज्याच्या शरीरात गेली तो एक आजारी लहानगा होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले ह्यू हॅम्प्टन यंग त्याचं मूत्राशय तपासत होते. मुलाच्या मूत्रमार्गात जन्मतःच पडदे होते. लघवी मागे तुंबून त्याच्या मूत्रवाहिन्या इतक्या फुगल्या होत्या, की मूत्राशयासाठी आत घातलेली दुर्बीण पुढे सरकत थेट किडनीच्या पोकळीपर्यंत पोचली. यंग यांनी ही हकिकत 1929 मध्ये छापली. निरोगी जाडीच्या मूत्रवाहिनीत सहजपणे शिरता यायला मात्र त्यानंतर आणखी अर्धशतक लागलं. 1980 च्या सुमारास माद्रिदच्या एन्रिके पेरेझ-कास्त्रो यांनी कार्ल स्टॉर्झ या जर्मन कंपनीच्या मदतीने किडनीपर्यंत पोचेल एवढी लांब ताठ दुर्बीण बनवून घेतली आणि त्या वाटेवर रहदारी सुरू झाली.

आज आपल्याकडे तालुक्याच्या गावातही लोक ‘दुर्बिणीतून खडा काढला’ असं सहज सांगतात. डॉक्टर त्याला युरेटेरोस्कोपी किंवा नुसतं ‘युआरएस’ म्हणतात. लवचीक दुर्बीण किडनीत नेऊन खडा फोडला तर ‘आरआयआरएस’. तिशी-चाळिशीतला, एरवी ठणठणीत माणूस, मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेला सात मिलिमीटरचा खडा, असा मामला असेल तर हे काम बहुतेक वेळा तासाभरात उरकतं. या प्रकरणात त्या माणसाविषयी बोलायचं नाही. ज्यांच्या पोटात खड्याबरोबर आणखी काहीतरी आहे, त्यांच्याविषयी बोलायचं आहे: सात महिन्यांचं बाळ, दुसऱ्या कुणाची किडनी, हृदयातल्या स्टेंटमुळे पातळ ठेवलेलं रक्त, किंवा तुंबलेल्या लघवीत वाढलेले जंतू. अशा रुग्णांवर हात चालवताना सर्जनचं कसब खडा फोडण्यात जितकं दिसतं, त्याहून जास्त तो आज फोडायचा की नाही हे ठरवण्यात दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी वाट बघू. मूत्रवाहिनी ही 22 ते 30 सेंटीमीटर लांबीची, आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची स्नायूंची नळी. ती तीन ठिकाणी अरुंद होते: किडनीतून निघते तिथे, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरते तिथे. खडे बहुधा इथेच अडकतात आणि दुर्बीणही इथेच अडते. उपकरणांची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. शार्रिएर नावाच्या पॅरिसच्या उपकरणकाराने ते रूढ केलं. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. लवचीक दुर्बीण साधारण साडेसात ते साडेनऊ फ्रेंचची असते, म्हणजे मूत्रवाहिनीच्या पोकळीएवढीच जवळजवळ. तिच्यासाठी आधी जी बाहेरची नळी बसवतात, ती ॲक्सेस शीथ, तर बाहेरून 12 ते 14 फ्रेंच भरते. पॅरिसच्या ऑलिव्हिए त्राक्सेर यांनी 2013 मध्ये 359 रुग्णांत ही नळी काढताना मूत्रवाहिनीची भिंत नीट न्याहाळली. 46.5 टक्के रुग्णांत काही ना काही इजा दिसली. 13.3 टक्क्यांत ती स्नायूपर्यंत गेली होती. ज्यांच्या मूत्रवाहिनीत आधी काही दिवस स्टेंट होता, त्यांच्यात गंभीर इजेचा धोका सातपटीने कमी निघाला. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे.

मूत्रवाहिनीतला स्टेंट म्हणजे दोन्ही टोकांना वळलेली मऊ प्लास्टिकची नळी. एक वेढा किडनीत, एक मूत्राशयात, म्हणून ती जागची हलत नाही. तिच्या आतून आणि बाजूने लघवी उतरते. शिवाय तिच्याभोवतीची मूत्रवाहिनी आठवड्या-दोन आठवड्यांत सैल पडून रुंदावते. त्यामुळे दुर्बीण वर जात नसेल तर अनुभवी सर्जन जोर लावत नाही. स्टेंट ठेवून बाहेर येतो आणि रुग्णाला दोन आठवड्यांनी परत बोलावतो. लहान मुलांत तर हे पुष्कळदा करावं लागतं. नातेवाइकांना ते अपयश वाटतं. ‘भूल दिली, आत नेलं आणि खडा तसाच?’ हा प्रश्न वॉर्डाबाहेर हमखास ऐकू येतो. पण जोर लावल्याने काय होतं ते एकदा कळलं की हा प्रश्न उरत नाही. खडा पकडायची तारेची जाळी, म्हणजे बास्केट, अडकलेल्या खड्यासकट ओढली, तर मूत्रवाहिनी समूळ तुटून दुर्बिणीबरोबर खाली येऊ शकते. हा अपघात दुर्मीळ आहे. पण त्यानंतर आतड्याचा तुकडा लावून नवी वाट करणं, किडनी जागेवरून काढून खाली बसवणं किंवा ती कायमची गमावणं एवढेच पर्याय उरतात.

खड्यावर आणखी दोन इलाज आहेत. 1976 मध्ये स्टॉकहोममधून पाठीतून भोक पाडून खडा काढण्याची पद्धत आली. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्यूनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी बाहेरून आघात-लहरी देऊन पहिल्यांदा माणसाच्या किडनीतला खडा फोडला. दोन्ही पद्धती उत्तम आहेत आणि योग्य रुग्णात आजही वापरल्या जातात. पण पाठीतून जायचं तर रक्ताने भरलेल्या किडनीला भोक पडतं, आणि आघात-लहरींनी किडनीभोवती रक्त साकळू शकतं. रक्त गोठत नसेल तर दोन्ही दारं बंद. गरोदर बाईला आघात-लहरी देता येत नाहीत. फार स्थूल माणसात कातडीपासून खडा दहा सेंटीमीटरहून खोल असला की लहरींचा जोर वाटेतच ओसरतो, आणि पाठीतून जाण्यासाठी पालथं झोपवून भूल देणं अवघड होतं. दुर्बिणीला मात्र पोटाच्या घेराशी काही देणंघेणं नाही, कारण ती लघवीच्या नैसर्गिक वाटेने जाते. कुठे चिरा नाही, भोक नाही. म्हणून इतर वाटा बंद झालेली माणसं शेवटी हिच्याकडे येतात.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचं उदाहरण घेऊ. साठी उलटलेल्या माणसांच्या घरात आज ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनपैकी एखादी गोळी सापडतेच. हृदयात स्टेंट घालून काही महिनेच झाले असतील आणि ऑपरेशनसाठी गोळ्या थांबवल्या, तर तो स्टेंट गुठळीने बंद होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. म्हणजे खड्यापायी जीव धोक्यात. इथे दुर्बिणीतून खडा फोडणारा होल्मियम लेझर उपयोगी पडला. त्याच्या किरणाची तरंगलांबी 2100 नॅनोमीटरच्या आसपास असते आणि पाणी तो किरण पटकन शोषून घेतं. त्यामुळे टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे त्याचा फारसा परिणाम पोचत नाही. खडा फुटतो, बाजूची भिंत वाचते, वर लहानसहान रक्तस्राव त्याच उष्णतेने थांबतो. 2002 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी रक्त न गोठणाऱ्या 25 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातले 17 जण वॉरफरिनवर होते, बाकीच्यांना प्लेटलेट किंवा यकृताचे वगैरे विकार होते. दोष दुरुस्त न करताच सगळ्यांवर दुर्बिणीतून उपचार केले. मोठा रक्तस्राव एकालाच झाला, आणि त्याच्यात लेझरच्या जोडीला विजेच्या ठिणगीने खडा फोडणारं जुनं उपकरणही वापरलेलं होतं. आता जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, गोळ्या थांबवता येत नसतील तर युरेटेरोस्कोपीच करावी, असं सांगितलेलं असतं. तरी गोळी परस्पर बंद करायची नाही आणि परस्पर चालूही ठेवायची नाही. हृदयाचा डॉक्टर आणि मूत्ररोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ते ठरवायचं असतं. बरेच रुग्ण या दोघांच्या मधे निरोप्याचं काम करतात आणि निरोपात चूक होते. दोघांनी एकमेकांना फोन केलेला बरा.

रक्तापेक्षा मला भीती वाटते ती जंतूंची. आपल्याकडे मुतखडा म्हटला की घरात हुलग्याचं कढण सुरू होतं, कुणी पानफुटीची पानं आणून देतं, शहाळी येतात. छोटा खडा असेल, दुखणं सोसण्यासारखं असेल, तर भरपूर पाणी पिऊन वाट बघायला डॉक्टरही सांगतात. पण कंबरेत कळ आणि जोडीला थंडी वाजून ताप, ही जोडी दिसली की घरी थांबायचं नाही. खड्याने अडवलेल्या लघवीत जंतू वाढले की किडनी पुवाने भरलेली बंद पोकळी होते. अँटिबायोटिक तिथे पुरेसं पोचत नाही, कारण लघवीच वाहत नसते. थोड्याच तासांत जंतू रक्तात उतरतात आणि रक्तदाब कोसळतो. मधुमेही माणसात हे सगळं आणखी वेगाने घडतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा रुग्णांत तुंबारा मोकळा केला नाही तिथे 19.2 टक्के मृत्यू झाले, मोकळा केला तिथे 8.82 टक्के.

अशा वेळी खड्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. एक बारीक तार खड्याच्या बाजूने वर सरकवायची, तिच्यावरून स्टेंट ओवायचा आणि बाहेर यायचं. तार खड्यापलीकडे जाते तो क्षण पाहण्यासारखा असतो. मूत्राशयातल्या दुर्बिणीसमोर मूत्रवाहिनीचं तोंड असतं, एक बारीकशी फट. तारेच्या कडेने आधी काहीच येत नाही. मग गढूळ, पिवळट, दाट पू लोळत बाहेर पडतो आणि पडद्यावरचं चित्र धूसर होऊन जातं. भूलतज्ज्ञ रक्तदाबाच्या आकड्याकडे बघत असतो. सर्जनने त्या घडीला हातात लेझर घेण्याचा मोह आवरायचा असतो. तार जातच नसेल तर पाठीतून सुई घालून किडनीत नळी ठेवतात. या दोन मार्गांतला कोणता सरस, हे पाहण्यासाठी 1998 मध्ये 42 रुग्णांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून तुलना केली गेली. दोन्ही सारखेच परिणामकारक ठरले. म्हणजे हाताशी जो मार्ग लवकर उपलब्ध असेल तो घ्यावा. खडा फोडायचा तो ताप पूर्ण उतरल्यावर, अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर.

थांबण्यामागचं कारण दाबात आहे. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून दुर्बिणीतून सतत सलाईन सोडावं लागतं. किडनीच्या पोकळीतला दाब एरवी दहा सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. तो चाळिशीच्या आसपास गेला की पोकळीतलं पाणी उलटं शिरांमध्ये शिरू लागतं, आणि त्याबरोबर जंतूही. सलाईनची पिशवी टेबलापासून एक मीटर उंच टांगली आणि पाण्याला परत यायला जागा नसली, तर दाब शंभरापर्यंत चढू शकतो. पिशवी हाताने दाबली तर त्याच्याही वर. ॲक्सेस शीथचा मोठा फायदा हाच, की दुर्बिणीच्या कडेने पाणी खाली वाहत राहतं. म्हणून ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर झालंच पाहिजे, आणि मधुमेह, संसर्गाने बनलेला खडा किंवा बरेच दिवस राहिलेला स्टेंट असेल तर ऑपरेशन फार वेळ चालवू नये. तास-दीड तासात संपत नसेल तर उरलेलं पुढच्या वेळी.

आता गरोदर बाई. सातव्या महिन्यात उजव्या कुशीत जीवघेणी कळ येऊन ती दाखल होते. पहिला पेच निदानाचाच असतो. वाढतं गर्भाशय उजवीकडे झुकतं आणि मूत्रवाहिनी दाबतं, त्यामुळे खडा नसतानाही बहुतेक गरोदर बायकांची उजवी किडनी थोडी फुगलेली दिसते. सोनोग्राफीत फुगवटा दिसला म्हणजे खडा आहेच असं नाही. सीटी स्कॅन एरवी मिनिटात सांगेल, पण बाळाला क्ष-किरणांपासून वाचवायचं असतं. मग डॉक्टर सोनोग्राफीतच मूत्राशयात डोकावतात आणि दोन्ही बाजूंनी लघवीच्या पिचकाऱ्या उडतात का ते पाहतात. गरज पडली तर एमआरआय. सुदैवाने यातले बहुतेक खडे सलाईन आणि बाळाला चालतील अशा वेदनाशामकांवर आपोआप पडतात.

जे पडत नाहीत तिथे जुना रिवाज होता स्टेंट ठेवून बाळंतपणाची वाट पाहण्याचा. पण गरोदरपणात लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि स्टेंटवर भराभर क्षार बसतात, इतके की दर चार ते सहा आठवड्यांनी तो बदलावा लागतो. पाचव्या महिन्यात स्टेंट ठेवला तर बाळंत होईपर्यंत तीन-चार वेळा टेबलावर जाणं आलं, शिवाय रोजची जळजळ आणि दर अर्ध्या तासाने लागणारी लघवी. त्यापेक्षा खडा एकदाच काढून टाकावा, हा विचार आता रुजला आहे. 2009 मध्ये 14 अहवालांमधल्या 108 गरोदर रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधली गुंतागुंत इतर रुग्णांपेक्षा जास्त आढळली नाही. पण त्यासाठी तयारी लागते. शक्यतो दुसरी तिमाही निवडतात. रुग्णेला किंचित डाव्या कुशीवर कलवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडत नाही. एक्स-रेऐवजी सोनोग्राफीवर तार आणि स्टेंट कुठवर पोचले ते बघतात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर बाळाचे ठोके मोजतात. स्त्रीरोगतज्ज्ञ जवळ हवा, नवजात बाळाची सोय असलेलं हॉस्पिटल हवं. ताप असेल किंवा खडा मोठा असेल, तर गरोदर बाईलाही वरचाच नियम: स्टेंट ठेवा, बाहेर या.

रचनाच वेगळी असेल तर नेहमीचा नकाशा उपयोगी पडत नाही. साधारण चारशे माणसांत एकाच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्या असतात, घोड्याच्या नालेच्या आकारात. गर्भात वर चढताना हा जोड आतड्याच्या एका धमनीखाली अडकतो आणि किडनी खालीच राहते. मूत्रवाहिनी तिच्यातून उंचावरून निघते आणि जोडावरून वळसा घेत खाली येते. लवचीक दुर्बीण 270 अंशांपर्यंत वळते, त्यामुळे कोपऱ्यातल्या खड्यापर्यंत पोचता येतं. अडचण नंतरची आहे. अशा किडनीतून निचरा नीट होत नाही. एरवी लेझरने भुकटी केली की ती लघवीबरोबर निघून जाते, इथे ती तळाशी साचून पुन्हा खडा धरते. म्हणून तुकडे बास्केटमध्ये पकडून एकेक बाहेर आणावे लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण सोडून चालत नाही.

प्रत्यारोपण केलेल्या किडनीत मामला याहून नाजूक. ती ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते आणि तिच्या नसा जोडलेल्या नसतात. त्यामुळे खडा अडकला तरी कळ येत नाही. रुग्णाला काहीच जाणवत नाही. लघवी कमी होते, किडनीचं काम मंदावल्याने रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, आणि शरीराने किडनी नाकारली की काय अशी शंका आधी येते. सोनोग्राफीत फुगलेली किडनी दिसल्यावर खडा सापडतो. तिची मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या वरच्या, पुढच्या भिंतीत जोडलेली असते. नेहमीच्या जागी शोधून ती मिळत नाही, आणि मिळाली तरी दुर्बीण त्या कोनात वळवणं जिकिरीचं असतं. काही वेळा शेवटी वरून, पोटाच्या कातडीतून जावं लागतं. काम करणारी किडनी ही एकच, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली. चुकीला वाव नाही. खड्याचा धोका टाळण्याची एक फार चांगली रीतही आहे: दात्याच्या किडनीत छोटा खडा असेल, तर ती शरीराबाहेर काढल्यावर बर्फात ठेवलेली असतानाच टेबलावर तिच्यात दुर्बीण घालून खडा काढतात आणि मगच ती रोपण करतात.

मणक्याला इजा होऊन पाय गेलेल्या रुग्णांना मुतखडा वरचेवर होतो, कारण लघवीची नळी, साचलेली लघवी आणि जंतू यांची सोबत कायमची असते. त्यांचे आखडलेले पाय टेबलाच्या खोबणीत बसत नाहीत. मग लवचीक उपकरणांनी, पाठीवर सरळ झोपवून काम करावं लागतं. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट नातेवाइकांनाही ठाऊक हवी. कमरेखाली संवेदना नाही म्हणून भूल नको, हा समज घातक आहे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर मूत्राशय पाण्याने ताणलं गेल्याबरोबर मेंदूचा ताबा नसलेल्या नसा उसळतात आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. रुग्णाला दुखत नसतं, पण डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, नाडी मंदावते. म्हणून भूल लागतेच, आणि भूलतज्ज्ञाला इजेची पातळी आधी सांगावी लागते.

या सगळ्या रुग्णांना थांबत-थांबत, टप्प्याने हाताळायचं म्हटलं की त्यांच्या शरीरात स्टेंट राहणार, आणि स्टेंट ही विसरण्याजोगी वस्तू आहे. दुखणं थांबतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पेरणी किंवा लग्नसराई येते, हॉस्पिटल दोनशे किलोमीटर लांब असतं. विसरलेल्या स्टेंटवर महिनोन्‌महिने क्षार चढतात. दोन्ही वेढ्यांवर खडे बनतात, मधली नळी ठिसूळ होते. असा स्टेंट ओढून काढता येत नाही. आधी मूत्राशयातला खडा फोडायचा, मग स्टेंटच्या कडेने दुर्बीण घालून मूत्रवाहिनीतला थर लेझरने सोडवायचा, आणि किडनीतला गोळा मोठा असेल तर पाठीतून जायचं. एका छोट्या खड्याची तीन ऑपरेशनं होतात. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेली हवी, तीच घरातल्या दोघांच्या मोबाइलवर गजर लावून ठेवलेली हवी, आणि हॉस्पिटलकडेही कुणाच्या शरीरात स्टेंट आहे याची वही हवी, जी कुणीतरी दर आठवड्याला उघडून फोन लावेल.